वाचक विचारतात : कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे

प्रश्न : कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे वैभववाडी रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर असताना प्रस्तावित रेल्वेमार्गाची लांबी १०० किलोमीटरांहून अधिक का सांगितली जाते? (एक वाचक, कणकवली)

उत्तर : याचे मुख्य कारण चढउतार हे आहे. मोटार घाटातील तीव्र वळणे घेत उतरते, परंतु रुळांवरून धावणाऱ्या गाडीला तसे करता येत नाही. समजा सह्याद्रीवरून ५०० मीटर खाली उतरायचे आहे. १०० मीटरला १ मीटर असा उतार ठेवल्यास केवळ त्यासाठीच ५० किलोमीटर मार्ग लागतो. बोरघाटाप्रमाणे ३७ मीटरला १ मीटर असा तीव्र उतार स्वीकारल्यास हे अंतर साडेअठरा किलोमीटरांवर येते, मात्र मग चढणीवर गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात आणि त्यासाठी थांबावेही लागते. म्हणूनच बोगदे आणि वळसे यांचा मेळ घालून मधला उतार निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गगनबावड्याचा मुसळधार पाऊस पाहता दरडींपासूनचे संरक्षण आराखड्यातच असले पाहिजे.

आज कोल्हापूरच्या प्रवाशाला रेल्वेने कोकणात जायचे झाल्यास मिरज, बेळगाव, लोंढा आणि कॅसलरॉक असा वळसा घालून मडगाव गाठावे लागते, आणि तेथून पुन्हा उत्तरेकडे यावे लागते. वैभववाडीला हा मार्ग कोकण रेल्वेला मिळणार असल्यामुळे रत्नागिरी आणि सावंतवाडी या दोन्ही दिशांच्या गाड्यांच्या वेळा जुळवण्याचा विचार आतापासूनच व्हायला हवा.