पांढरे करणारी पावडर रंगीत कपड्यांना कशाला?

प्रश्न : आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो आणि धुण्याला बहुधा बोरिंगचे पाणी वापरतो. मुलीचा गडद निळा सुती कुडता वर्षभरातच विटला आणि माझ्या बाग छपाईच्या ओढणीचा रंगही मंदावला. सासूबाई मीठ किंवा व्हिनेगर घालायला सांगतात, तर दुकानदार दर वेळी आणखी महाग पावडर हातात ठेवतो. रंगीत कपड्यांसाठी नेमके काय घ्यावे? एक माहेश्वरी साडीही घरीच धुवायची आहे. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : नवी पावडर आणण्याआधी कुडत्याच्या खालच्या पट्टीची शिवण बोटभर उसवून आतले कापड पाहावे. आतला निळा रंग शाबूत असेल आणि बाहेरचा विटलेला असेल, तर दोष मुख्यतः उन्हाचा आणि घासण्याचा आहे, आणि कोणतीही पावडर तो भरून काढणार नाही. आतबाहेर सारखाच फिकेपणा असेल, तर मात्र धुण्याच्या पद्धतीकडे आणि पावडरीकडे वळावे लागेल.

पाकिटावर ‘पांढरे शुभ्र’, ‘लखलखीत’ असे शब्द ठळक असतील, तर ती पावडर पांढऱ्या कपड्यांसाठी राखून ठेवावी. अशा पावडरीत बहुधा दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडणारे विरंजक, म्हणजे ब्लीच. थंड पाण्यात ते मंद असते, पण गरम पाण्यात रात्रभर कपडे भिजत घातले की रंगावरही हात चालवते. दुसरी म्हणजे उजळपणा देणारी द्रव्ये, जी अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. पांढऱ्या सदऱ्यावर हे छान दिसते. मोतिया, फिकट गुलाबी किंवा बदामी कापडाची मूळ छटा मात्र त्याने बदलते, आणि आपण ‘रंग गेला’ म्हणतो. (हळदीकुंकवाची साडी दिव्याखाली एक आणि अंगणात एक दिसते, त्यातला काही वाटा याचाही असू शकतो.)

म्हणून खास रंगीत कपड्यांसाठी वेगळे मिळणारे द्रव डिटर्जंट घ्यावे. द्रव डिटर्जंटमध्ये विरंजक सहसा नसतेच आणि त्याचा क्षारपणाही पावडरीपेक्षा कमी असतो. काहींत सुटलेला रंग पाण्यातच धरून ठेवणारे पॉलिमर असते, त्यामुळे एका कपड्याचा रंग दुसऱ्याला कमी लागतो. सेल्युलेज हे विकर (एन्झाइम) असलेले मिळाले, तर सुती कपड्यांना ते फारच उपयोगी पडते. गडद सुती कापड पुष्कळदा रंग गेल्यामुळे नव्हे, तर वर उठलेल्या बारीक लवेमुळे भुरकट दिसते, आणि हे विकर ती लव कापून काढते. कपडा उलटा करून धुण्याचा फायदाही हाच : घर्षण आतल्या बाजूला बसते.

आता पाणी. बोरिंगच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या वडीशी मिळून राखाडी साय तयार करतात आणि ती कापडावर बसते. फेस येत नाही म्हणून आपण आणखी पावडर घालतो, ती पुरती निघत नाही, आणि कापड निस्तेज होते. नळाला नर्मदेचे पाणी ज्या दिवशी येते त्या दिवशी रंगीत धुणे काढावे. दुसरे काही न बदलता यानेच फरक दिसेल.

सासूबाईंचे मीठ रंगाऱ्याच्या पातेल्यात उपयोगी असते, कारण ते पाण्यातला रंग सुताकडे ढकलते. घरच्या बालदीत त्याने फार तर त्या धुण्यापुरता रंग कमी सुटेल. कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. व्हिनेगर तर बागच्या ओढणीला लावूच नये. त्या छपाईतला काळा रंग लोहाचा आणि हिरड्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा बनलेला असतो, आणि आंबटाने तो फिका पडू शकतो. नवा कपडा पहिल्या तीन-चार वेळा वेगळा धुणे हाच खरा उपाय, कारण न चिकटलेला जास्तीचा रंग तेव्हाच निघून जातो. शंका असेल तर शिवणीच्या आत पांढरा ओला रुमाल जोराने दाबून पाहावा.

माहेश्वरी साडीचे प्रकरण वेगळे आहे. तिचा उभा धागा बहुधा रेशमी आणि आडवा सुती असतो. रेशीम म्हणजे प्रथिन, आणि रोजच्या पावडरीत डाग काढण्यासाठी घातलेले प्रोटिएज हे विकर प्रथिनच तोडते. तेव्हा रिठ्याचे गाळलेले पाणी किंवा लोकरी-रेशमी कपड्यांसाठीचे द्रव थंड पाण्यात मिसळून साडी दोन-तीन मिनिटेच बुचकळावी. पिळू नये, जुन्या पंचात गुंडाळून पाणी टिपावे आणि उलटी बाजू वर ठेवून सावलीत वाळवावी.