शंका-समाधान : कोबीचे पाणी आणि देशोदेशीचे पदार्थ

गेल्या अंकात देशोदेशीच्या कोबीच्या पदार्थांविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच होती : कृती नेमकी पाळली, तरी पदार्थ पाणचट, मऊ किंवा उग्र वासाचा झाला. कोबीच्या वजनातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि ते पाणी काढायचे, राखायचे की आटवायचे हे आधी ठरवले नाही, तर कोणत्याही देशाची कृती हाती घेतली तरी फसगत होते. पुढील उत्तरांत हे पुन्हा पुन्हा येईल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

मे महिन्यात जर्मन पद्धतीचा ‘सावरक्राउट’, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, घालून पाहिला. एक किलो कोबीला दोन चमचे मीठ चोळून बरणी तीन आठवडे ओट्यावर ठेवली. कोबी बुळबुळीत झाला आणि वर पांढुरका थर आला. चुकले कुठे? (एक वाचक, मुलुंड)

चूक दोन ठिकाणी झाली आहे. चहाचे दोन चमचे मीठ म्हणजे साधारण १० ते १२ ग्रॅम. या पदार्थाला कोबीच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे किलोमागे २० ते २५ ग्रॅम मीठ लागते आणि ते चमच्याने न मोजता काट्यावर तोलून घ्यावे. मीठ चोळल्यावर कोबी स्वतःचेच पाणी सोडतो. त्या खाऱ्या पाण्यात तो पूर्ण बुडून राहिला, की पानांवर मुळातच असलेले, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू जोर धरतात आणि कुजवणारे मागे पडतात. मीठ कमी पडले की पारडे उलटते. दुसरी चूक ऋतूची आहे. २१ ते २४ अंश सेल्सिअस तापमानाला हा कोबी तीन-चार आठवड्यांत, तर १५ ते १८ अंशांना पाच-सहा आठवड्यांत मुरतो. त्याहून अधिक उष्णतेत तो मऊ पडू लागतो आणि मे महिन्यातील मुंबईचा ओटा तर रात्रीही तापलेलाच असतो. म्हणून हा खटाटोप डिसेंबर-जानेवारीत, घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात करावा, पहिल्या आठवड्यानंतर अधूनमधून चव पाहावी आणि आंबटपणा मनाजोगता आला की बरणी फ्रिजमध्ये हलवावी. कैरीच्या लोणच्यात हवा अडवण्याचे काम तेलाचा थर करतो, येथे ते या पाण्याने करायचे असते, म्हणून कोबीवर लहानशी काचेची वाटी दाबून ठेवावी. वरचा पांढुरका थर एक वेळ निरुपद्रवी यीस्टचा असू शकेल, परंतु बुळबुळीत झालेला कोबी हळहळ न करता टाकून द्यावा. १७६८ साली निघालेल्या इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावर खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रोग, होऊ नये म्हणून हाच आंबवलेला कोबी नेला होता. मीठ आणि आम्ल यांच्या जोरावर तो दीर्घ सफरीत टिकला.

कोबीच्या पानांत सारण भरून गुंडाळ्या करताना पाने फाटतात आणि शिजताना गुंडाळ्या फुटतात. आमच्याकडे सर्व शाकाहारी आहेत, तेव्हा सारणही सुचवावे. (एक वाचक, दादर)

पाने कच्ची सोलू नयेत. गड्ड्याचा दांडा सुरीने कोरून काढावा, अख्खा गड्डा मिठाच्या उकळत्या पाण्यात सोडावा आणि बाहेरची पाने सैल होतील तशी एकेक सोडवून घ्यावीत. पानामागची जाड शीर मुळापासून न कापता पानाच्या पातळीपर्यंत तासावी. अळूवडी करताना आपण शिरांवरून लाटणे फिरवतो, त्यामागचा हेतू हाच. तांदूळ अर्धाच शिजवून घ्यावा आणि गुंडाळी सैल वळावी, कारण उरलेला तांदूळ आत फुगतो. तुमच्या गुंडाळ्या बहुधा यामुळेच फुटत असाव्यात.

पोलंडमध्ये या पदार्थाला ‘गोवोम्प्की’, म्हणजे छोटी कबुतरे, असे लाडिक नाव आहे. तेथे नाताळच्या आदल्या संध्याकाळी परंपरेने मांस खात नाहीत आणि म्हणून मशरूमबरोबर तांदूळ किंवा कुट्टू घालून सारण करतात. तुमच्या घरासाठी ते आयतेच आहे. रुमानियात आणि बाल्कन देशांत पाने ताजी घेत नाहीत, तर मिठाच्या पाण्यात अख्खे गड्डे आंबवून त्यांची पाने वापरतात. तेथील ‘सरमा’ हे नाव गुंडाळणे या अर्थाच्या तुर्की क्रियापदावरून आले आहे. आंबवलेली पाने मुळातच लवचीक असल्यामुळे ती सहसा फाटत नाहीत.

जपानी ‘ओकोनोमियाकी’, म्हणजे कोबी आणि अंडे घातलेले जाड धिरडे, तव्यावर उलटताना मोडते आणि आतून चिकट राहते. (एक वाचक, बोरिवली)

कोबी धुऊन लगेच पिठात घातला असावा किंवा मीठ घातलेल्या पिठात तो बराच वेळ भिजत राहिला असावा. कोबी फडक्यावर कोरडा करून मध्यम जाड चिरावा, पीठ तव्यावर घालायच्या क्षणी त्यात मिसळावा, झाकण ठेवून मध्यम आचेवर शिजू द्यावा आणि दोन उलथन्यांनी एकदाच उलटावा. ही ओसाकाची पद्धत झाली. हिरोशिमात पातळ धिरड्यावर कोबी आणि नूडल्स यांचे थर रचतात, ते काम नवख्याचे नव्हे. अंडे न खाणाऱ्यांनी मात्र या फंदात न पडता बेसन घातलेले सीकेपी पद्धतीचे कोबीचे भानोले करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोबी शिजवला की वास सबंध मजल्यावर पसरतो. त्यावर उपाय आहे का? (एक वाचक, गिरगाव)

हा वास गंधकयुक्त संयुगांचा असतो आणि कोबी पाण्यात जितका वेळ उकळत राहील, तितका तो वाढत जातो. तेव्हा पाणी घालूच नये. इथिओपियातील ‘टिकिल गोमेन’ हा पदार्थ यासाठी पाहण्यासारखा आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासात मांस, दूध, लोणी सारे वर्ज्य असते आणि त्या दिवसांत कोबी, बटाटा आणि गाजर हे कांदा, आले, लसूण व हळद घालून तेलावर, मुख्यतः कोबीने सोडलेल्या पाण्यातच शिजवतात. मोहरीची फोडणी तेवढी नसते. बाकी ताट समोर आले, तर गिरगावातला माणूस त्याला कोबी-बटाट्याची भाजीच म्हणेल.

किड्याच्या भीतीने सासूबाई कच्चा कोबी करू देत नाहीत. कोलस्लॉ, म्हणजे कच्च्या कोबीची पाश्चात्त्य कोशिंबीर, करावे की नाही? (एक वाचक, विलेपार्ले)

सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. दूषित पाणी किंवा माती यांतून पट्टकृमीची अंडी पानांवर येऊ शकतात. ती शिजवल्याने मरतात, मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवल्याने मरतीलच असे नाही. बाहेरची पाने काढून टाकावीत आणि आतले प्रत्येक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. एवढे करूनही त्यांचे समाधान झाले नाही, तर चिरलेल्या कोबीवर उकळते पाणी ओतून दोन-तीन मिनिटांनी निथळावा, थंड करून घट्ट पिळावा आणि मगच त्यात दही घालावे. कुरकुरीतपणा थोडा कमी होईल, पण घरातील सर्वांना तो खाता येईल.