टॅरोचे पत्ते काढून डी अँड डीचं कॅरेक्टर बनवता येतं का?

तुम्ही विचारलंय की पहिल्यांदाच डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, प्रत्येकानं एक पात्र बनून सगळ्यांनी मिळून गोष्ट रंगवायचा खेळ) खेळायला बसणार आहात, बॅकस्टोरी, म्हणजे पात्राची आधीची गोष्ट, काही केल्या सुचत नाही, घरात टॅरोचा कॅट पडून आहे. तो वापरला तर चालेल का, आणि टॅरोवर विश्वास नसेल तर?

चालेल, आणि छान चालेल. विश्वासाचा इथे संबंधच येत नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो जन्मला तो पत्त्यांचा डाव म्हणून. भविष्य बघायला तो सर्रास वापरला जाऊ लागला अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. तुम्ही पत्ते पुन्हा खेळायलाच घेताय.

मी बरीच वर्षं डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि नियम सांभाळणारा) म्हणून गेम चालवतोय. सुरुवातीला मी एक चूक करायचो: पान काढलं की लगेच सोबतच्या पुस्तिकेत अर्थ शोधायचा. त्यातून सगळी कॅरेक्टर्स एकाच साच्यातली निघायची, धाडसी पण मनातून हळवी. आता माझ्या टेबलावर पुस्तिका बंद असते. पान हातात घ्यायचं, चित्र नीट बघायचं आणि सांगायचं की या चित्रात तुम्ही कोण आहात.

म्हणूनच कॅट कुठला आहे याला महत्त्व आहे. १९०९ साली लंडनमध्ये निघालेला रायडर-वेट कॅट असेल तर उत्तम. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली आणि ७८ पैकी ५६ साध्या पानांवरही माणसं, प्रसंग, जागा रंगवल्या. जुन्या मार्सेय पद्धतीच्या कॅटमध्ये एक्का ते दश्शी या पानांवर नुसत्या मोजून मांडलेल्या तलवारी आणि पेले दिसतात. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचंही तसंच: १२० गोल पानं, बघत राहावीत इतकी देखणी, पण आकड्यांच्या पानांवर त्या त्या अवताराचं चिन्हच असतं. गोष्ट सुरू व्हायला माणूस दिसावा लागतो.

पत्ते पिसण्याआधी प्रश्न ठरवा. मी तीनच ठेवतो: कुठून निघालास? कशाला घट्ट धरून आहेस? कुणाचं देणं लागतोस?

माझ्या टेबलावर एक मैत्रीण पहिल्यांदा खेळायला आली होती, तिचंच सांगतो. पहिलं पान आलं सिक्स ऑफ सोर्ड्‌स, तलवारीची छक्की. होडीत पाठमोरी, अंग आवळून बसलेली बाई, शेजारी मूल, पुढे उभ्या सहा तलवारी आणि मागे काठीनं होडी रेटणारा नावाडी. बहुतेक जण ती बाई निवडतात. ही म्हणाली, "मी नावाडी. यांना रात्री पलीकडे सोडलं. कोण होते, विचारलं नाही."

दुसरं पान नाण्यांची चौकी: एक माणूस छातीशी नाणं कवटाळून बसलाय, एक डोक्यावर, दोन पायांखाली. कंजूषपणा हा ठरलेला अर्थ तिला माहीत नव्हता, ते बरंच झालं. ती म्हणाली, "हे त्या रात्रीचं भाडं. खर्च करवत नाही."

का करवत नाही, ते तिसऱ्या पानानं सांगितलं. पेल्यांची पंजी. काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून तीन कलंडलेल्या पेल्यांकडे बघतोय. दोन पेले त्याच्या पाठीमागे धड उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत. दूर नदीवर पूल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दुसऱ्या फेरीत पाच जण होते. तीन बुडाले. दोन वाचले, पण त्यांना तोंड दाखवायची हिंमत मला झाली नाही."

बघा, एकट्या चौकीतून चिक्कू माणूस निघाला असता. छक्की आणि पंजी यांच्यामध्ये ठेवल्यावर त्याच नाण्याचं ओझं झालं. म्हणून पानं सुटी वाचू नका. दोन पानं एकमेकांशी भांडत असतील तर बदलू नका, हे दोन्ही खरं असेल तर हा माणूस कसा असेल, ते विचारा. माझ्या मते सगळी मजा तिथेच आहे.

ते वाचलेले दोघं मी माझ्या वहीत उतरवून घेतले. तिनं सामानाच्या यादीत लिहिलं: तांब्याचं एक नाणं, खर्च करायचं नाही. सहाव्या सेशनला एका पुलावर टोल भरायला नेमकं एक नाणं कमी पडलं. तिनं दिलं नाही. अख्खी पार्टी, म्हणजे खेळातली सगळी पात्रं, दलदलीतून वळसा घालून गेली आणि कारण विचारल्यावर तिनं पहिल्यांदा ती रात्र सगळ्यांना सांगितली.

हा प्रकार काही माझा शोध नाही. १९९५ च्या एव्हरवे या गेममध्ये खेळाडू चित्रांची पानं निवडून त्यांतून आपल्या नायकाची कथा रचतात. शिवाय त्याचा गुण, दोष आणि नियती पत्त्यांवरूनच ठरते.

क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, मात्र पत्त्यांवरून ठरवू नका. तलवार आली म्हणून फायटर (लढवय्या), पेला आला म्हणून क्लेरिक (पुजारी), हे फार उथळ होतं. आधी गोष्ट, मग त्या माणसाला जगायला काय शिकावं लागलं असेल ते बघून क्लास. स्ट्रेंग्थ, विज्डम वगैरे आकडे तुमच्या डीएमच्या पद्धतीनं. उलटी आलेली पानं पहिल्या वेळी सरळ करून घ्या. डेथ आलं तर घाबरू नका, त्या चित्रातही घोड्यासमोर फुलं घेऊन गुडघे टेकून बसलेलं मूल आहे, तुम्ही ते असू शकता. आणि एखादं पान खरोखरच नकोसं वाटलं, स्वतःच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारं निघालं, तर कारण न देता परत ठेवा आणि दुसरं काढा. तुमच्या डीएमनं त्यावर एक शब्दही विचारता कामा नये.