९० बाय १५ वर दाट कपाशी लावली, तर वाढरोधक फवारावंच लागतं का?

भारी काळ्या जमिनीत, पाऊस धरून राहिला तर बहुधा हो. ९० × १५ सेंमीवर एकरी तीस हजारांच्या आसपास झाडं बसतात. ती माजली की ओळी मिटतात, खाली ऊन पोचत नाही, पाते (फुलाच्या कळ्या) गळतात, बोंडं सडतात. मेपिक्वाट क्लोराईड हे वाढरोधक झाडातलं जिबरेलिन (वाढीचं संप्रेरक) कमी करतं, म्हणून पुढची पेरं आखूड पडतात. आधीच लांबलेलं पेर मात्र आखूड होत नाही, तेव्हा पाते लागताना शेंड्याखालची चौथी-पाचवी पेरं बघा. लांबट, लुसलुशीत असतील तर लेबलवरच्या मात्रेत फवारा, गरजेनुसार पुन्हा. हलक्या रानात किंवा ताण बसलेल्या कपाशीवर नकोच. तिथे झाड आधीच खुरटलेलं असतं. आणि दुकानदार ‘उत्पादन वाढतं’ म्हणेल, पण हे टॉनिक नव्हे.