ओजीएलमधले (ओपन गेम लायसन्स या खुल्या परवान्याखालचे) नियम वापरले, तर पुस्तकात खुला भाग कसा दाखवायचा?

पन्हाळ्यावरच्या तुमच्या रोल-प्लेइंग खेळात नियम ओजीएल १.०ए खालचे आहेत, म्हणजे कलम ८ लागू. कोणता मजकूर खुला, हे स्पष्ट दाखवावंच लागतं. कसं, ते तुमच्यावर सोडलंय. 'यातलं बरंचसं खुलं आहे' असलं मोघम वाक्य मात्र टाकू नका राव, वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

मी आधी खुल्या मजकुरामागे फिकट करडा रंग दिला होता. राजारामपुरीत झेरॉक्स काढली आणि करडा गायब! तेव्हापासून जाड काळी चौकट. तीन दरवाजाच्या पहारेकऱ्याचे आकडे आणि डावपेच चौकटीत. त्याचं नाव, गोष्ट, चित्र बाहेर. बाहेरचं सगळं 'प्रॉडक्ट आयडेंटिटी' (म्हणजे खुला नसलेला, फक्त तुमचा मजकूर) म्हणून पहिल्याच पानावर जाहीर करायचं. शेवटी परवाना जसाच्या तसा इंग्रजीत छापा. कलम १५ मध्ये मूळ ग्रंथांच्या कॉपीराइट ओळी जशाच्या तशा, खाली तुमची. इथंच बहुतेक जण घसरतात.

खरं सांगू? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे नियम असतील तर एसआरडी ५.१ (त्या नियमांचा खुला संच) जानेवारी २०२३ पासून सीसी बाय ४.० (श्रेय दिलं की वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) खालीही आहे. तो परवाना घेतला की चौकटी सक्तीच्या नाहीत; ठरलेली श्रेय-ओळ द्यायची आणि बदल केलेत हे लिहायचं.