वाचकांचे प्रश्न : झोप, कॉर्टिसॉल आणि पहाटेचे तीन

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर काम करतो. वय ३९. दर आठवड्याला पाळी बदलते, तीही उलटी : रात्रपाळी झाली की दुसरी, मग पहिली. वर्षात पोट सुटलंय आणि उपाशीपोटीची साखर ११२ आली. जेवण पूर्वीएवढंच आहे. रात्रपाळीहून आल्यावर तीन तासांच्या वर झोप लागत नाही. याचा साखरेशी संबंध आहे का?

उत्तर : आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. 'ताणाचं संप्रेरक' म्हणून ते उगाच बदनाम झालंय. सकाळी आपल्याला उभं करण्यात आणि रक्तदाब सांभाळण्यात त्याचा मोठा वाटा असतो. फक्त त्याची वेळ ठरलेली असते. मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाला असतं, पहाटे दोन-तीनपासून चढू लागतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात टोक गाठतं आणि मग दिवसभर उतरत जातं. झोप अपुरी पडत गेली की संध्याकाळचा हा उतार बिघडतो. ज्या वेळी कॉर्टिसॉल खाली यायला हवं त्या वेळी ते वरच रेंगाळतं. मग यकृत साखर सोडत राहतं, इन्शुलिनचा जोर पडत नाही आणि चरबी पोटाभोवती साठू लागते.

शिकागो विद्यापीठातला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास अंथरुणात राहू दिलं. त्यांच्या शरीराला साखर हाताळायला जड जाऊ लागलं आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल चढलं. पुढे रोज बारा तास अंथरुणात मिळाल्यावर दोन्ही सुधारलं. तुमच्यासाठी ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे.

जेवण तेवढंच आहे असं तुम्ही म्हणता, पण रात्री अडीचच्या चहाबरोबरची खारी आणि सुटल्यावरची मिसळ त्यात धरली आहे का, ते एकदा बघा. अपुऱ्या झोपेनंतर भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं आणि जीभ गोड-तळलेलं मागते. हा स्वभावदोष समजू नका.

आता रात्रपाळीच्या आठवड्यात काय करायचं ते. संध्याकाळी सात ते साडेआठ दीड तास झोपा, मग घरीच पोटभर जेवून निघा. मध्यरात्र ते सकाळी सहा जड खाणं टाळा, कारण त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. भूक लागलीच तर मूठभर शेंगदाणे, ताक किंवा एखादं उकडलेलं अंडं. भट्टीपुढे घाम जातो, म्हणून पाणी घेत राहा. चहा पाळीच्या पहिल्या निम्म्या भागातच संपवा, शेवटचा कप अडीचच्या आत. कॅफीन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात. साडेचारला घेतलेला चहा नऊ वाजता तुमच्या अंथरुणात हजर असतो.

सुटल्यावर हलकं काही खा, पोहे किंवा एखादी भाकरी, आणि साडेआठच्या आत आडवे व्हा. खिडकीला काळा कपडा दुहेरी लावा किंवा पुठ्ठा ठोका. आपलाच हात दिसू नये इतका अंधार हवा. पंखा चालू ठेवा, त्याच्या आवाजात गल्लीतला आवाज बुडतो. घरच्यांना सांगून ठेवा की दुपारी दोनपर्यंत दार वाजवायचं नाही, फोन करायचा नाही. सकाळचे पाच-साडेपाच तास आणि संध्याकाळचा दीड तास मिळून साडेसहा-सात होतात. एकसंध झोपेची सर येत नाही, पण तीन तासांपेक्षा हे कितीतरी बरं.

पाळीचा क्रम मात्र सुपरवायझरशी बोलून बदलून घ्या. पहिली, दुसरी, तिसरी असा सुलटा क्रम सोसतो, कारण बहुतेकांचं शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्याला झोप पुढे ढकलणं सोपं जातं, मागे ओढणं कठीण.

गाडीबद्दल तर बजावूनच सांगतो. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असल्यासारखे मंदावतात. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पाळी सुटल्यावर डोळे मिटत असतील तर कारखान्यातच वीस मिनिटं डुलकी काढा आणि मगच हायवेवर या. उपाशीपोटी १०० ते १२५ साखर ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करा आणि कंबर मोजा, ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

प्रश्न : वय ५१, राजारामपुरी. रोज पहाटे तीनला जाग येते. मग मुलीचं लग्न, घराचे हप्ते, सगळं डोक्यात फिरतं. साडेपाचपर्यंत नुसती पडून असते. ओळखीच्या दुकानातून झोपेची गोळी आणली आहे. घेऊ का?

उत्तर : ताई, गोळी तशीच राहू द्या. अशा बऱ्याच गोळ्या अल्प्राझोलामच्या असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकायला मनाई आहे, सवय लवकर लागते आणि एकदम सोडल्या की झोप आणखी बिघडते.

तीनचं गूढ नाही. रात्रीचा पहिला भाग गाढ झोपेचा असतो, नंतरची झोप उथळ होते आणि त्याच वेळी कॉर्टिसॉल चढायला लागलेलं असतं. रात्री जराशी जाग सगळ्यांनाच येते. त्या जागेला काळजी चिकटली की छाती धडधडते, ॲड्रिनलिन सुटतं आणि झोप परतत नाही. घड्याळ बघितलं की 'आता अडीचच तास उरले' हा हिशेब सुरू होतो. म्हणून घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत.

अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा. मंद दिव्यात खुर्चीत बसून शेंगा सोला, कपड्यांच्या घड्या घाला. डोळे जड झाले तरच अंथरुणात परत जा. अंथरूण म्हणजे झोप, ही गाठ मेंदूत पुन्हा बसवायची आहे. हप्ते आणि लग्नाचा विषय संध्याकाळी सहाला वहीत घ्या, पंधरा मिनिटं. प्रत्येक काळजीपुढे उद्या करायचं एक काम लिहा आणि वही मिटा.

खरी झोप साडेपाच तासच होत असेल तर रात्री नऊला पाठ टेकू नका. साडेअकरा ते साडेपाच एवढाच वेळ अंथरुणात राहा, रविवारीसुद्धा. पहिला आठवडा जड जाईल, दुपारी पेंग येईल, तरी आडवं होऊ नका. झोप सलग लागू लागली, म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. फिट्स येत असतील तर हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करा. अंगातून वाफा येऊन घामाने जाग येते का? मग ते पाळी जाण्याच्या वयाचं आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. सकाळी मन उदास, कशातच रस नाही, असं दोन आठवडे चाललं तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. पहाटेची जाग हे नैराश्याचंही लक्षण असतं.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा. पहाटे साडेचारला तालमीत, रात्री बारापर्यंत बारावीचा अभ्यास. दूध-बदाम भरपूर देतो, तरी वजन आणि ताकद वाढत नाही.

उत्तर : बदामाने झोप भरून निघत नाही. या वयात आठ ते दहा तास लागतात, तो साडेचार घेतोय. वाढीचं संप्रेरक मुख्यतः पहिल्या गाढ झोपेत सुटतं. निरोगी तरुणांवरच्या एका अभ्यासात आठवडाभर रोज पाचच तास झोप मिळाल्यावर स्नायू वाढवणारं पुरुषी संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, दिवसा १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. जोर-बैठकांनी ताण पडलेला स्नायू झोपेत भरतो. दिवसभरात वाचलेलं डोक्यात पक्कं होण्यासाठीही झोप लागते. वस्तादांशी बोला. परीक्षेपर्यंत पहाटेचा सराव आठवड्यातून तीनच दिवस ठेवा, बाकी दिवस संध्याकाळी. रात्री साडेनऊला दिवा बंद. पहाटे तालीम असेल त्या दिवशी दुपारी जेवणानंतर तासभर झोपू द्या.

प्रश्न : ताण किती आहे हे कळायला कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करू का?

उत्तर : नको. सकाळी आठला १०० मिलिलिटर रक्तात साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम असणारा आकडा दुपारी चारला त्याच माणसात निम्म्यावर येऊ शकतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी तो वाढतो, स्टेरॉइडने दबतो. रोजचा ताण त्यात वाचता येत नाही. चेहरा गोल होणं, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं तरी काळंनिळं पडणं, उकिडवं बसल्यावर उठता न येणं, यातलं काही असेल तर मात्र कॉर्टिसॉल खरंच फार वाढलंय का, हे तपासायलाच हवं. त्यासाठी मध्यरात्रीची लाळ किंवा २४ तासांची लघवी तपासतात. सांधेदुखीच्या किंवा वजन वाढवण्याच्या बिनलेबल पुड्या घेत असाल तर त्यात स्टेरॉइड असू शकतं. ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. मनाने एकदम बंद करू नका, कारण दबलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना पुन्हा काम सुरू करायला वेळ लागतो.