परवाना, साखळी आणि लिफ्ट

प्रश्न : सोसायटीने ठराव केलाय, कुत्र्याला लिफ्टमध्ये आणायचं नाही. आमचा मोती 11 वर्षांचा, चौथा मजला चढताना धापा टाकतो. काय करू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, बहुमताचा ठराव असला तरी लिफ्ट नाकारता येत नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. पण आधी आपली बाजू पक्की करा. महापालिकेचा परवाना आहे ना? रेबीज लसीचा दाखला? आमच्या राणीच्या परवान्याचं नूतनीकरण मी विसरले होते. शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा कागद शोधता शोधता घाम फुटला. बाहेर नेताना साखळी हातात, शी उचलायला जुना पेपर पिशवीत. निम्मी भांडणं त्या पेपरावरच मिटतात! सचिवांना लेखी अर्ज द्या, परवान्याची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.